टीव्हीवर मालिका, हातात गेम: कन्सोलला फोन-टॅब कसा जोडायचा

खानदेशातल्या बहुतेक घरांत टीव्ही एकच असतो आणि संध्याकाळी सातनंतर त्यावर हक्क मालिकांचा. त्यामुळे घरात पहिला प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आला की पोरं आठवडाभरातच विचारायला लागतात, ‘भो, हा फोनवर दिसतो का?’ दिसतो. पण फोन कन्सोलला जोडायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे आधी ठरवा. कन्सोलची कामं फोनवरून करायची, की गेमचं चित्रच फोनवर आणायचं, की फोनलाच कंट्रोलर बनवायचं, की एखाद्या गेमचा नकाशा नाही तर आकडे शेजारी टॅबवर उघडे ठेवायचे? ही चारही कामं वेगळी आहेत आणि त्यांची ॲपही वेगळी. नवखा माणूस प्ले स्टोअरवर जे पहिलं दिसेल ते उतरवतो आणि मग ‘चालत नाही’ म्हणून सोडून देतो.

कुठलंही ॲप उतरवण्याआधी एक काम उरका. ते कंटाळवाणं आहे, पण नंतरच्या बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

आधी राउटर

घरात खेळताना कन्सोल आणि फोन एकाच नेटवर्कवर असू द्या. वाचायला सोपं वाटतं, पण गडबड इथेच होते. फोनवर मोबाइल डेटा चालू असतो, कन्सोल वाय-फायवर असतो आणि आपण म्हणतो की ॲपला कन्सोल सापडत नाही. बऱ्याच घरांत फायबरवाल्याने लावलेला डबा स्वतःचं वाय-फाय देतो आणि आतल्या खोलीसाठी आपण दुसरा राउटर आणून लावलेला असतो. फोन एकाला आणि कन्सोल दुसऱ्याला जोडलेला असेल, तर दोघांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. पाहुण्यांसाठीचं ‘गेस्ट’ वाय-फाय असेल तर तेही टाळा, कारण त्यावरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते.

राउटरवर दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी बहुधा ‘५जी’ लिहिलेलं असतं. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही. ते ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय आणि दुसरं २.४ गिगाहर्ट्झचं. ५वालं वेगवान आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी त्यावर कमी, पण भिंतीपुढे ते लवकर दम टाकतं. २.४वालं लांब पोचतं, पण वेग कमी आणि अडथळे जास्त. राउटर ज्या खोलीत आहे त्याच किंवा लगतच्या खोलीत खेळणार असाल तर ५ निवडा. जुनं धाब्याचं घर असेल, दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंती असतील, तर ५ गिगाहर्ट्झ त्यातून पार होईल अशी आशा ठेवू नका. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकून खेळायचं असेल तरी तीच अडचण, मध्ये सिमेंटचा स्लॅब येतो. तिथे २.४वर चित्राचा दर्जा उतरवून खेळा, नाही तर जिन्याच्या तोंडाशी दुसरा राउटर लावा.

सगळ्यात मोठा फरक मात्र एका स्वस्त वस्तूने पडतो: राउटर ते कन्सोल लॅन केबल. कन्सोलही वाय-फायवर आणि फोनही वाय-फायवर असेल, तर तेच चित्र हवेतून दोनदा जातं, एकदा कन्सोलकडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून फोनकडे. केबल लावली की एक फेरी वाचते. जळगावात गोलाणी मार्केटमध्ये किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरच्या दुकानात, दोन्ही टोकांना क्लिप लावलेली कॅट-६ केबल मापात मिळते. दाराच्या फटीतून नेणार असाल तर चार हात जास्तीच घ्या.

घरातल्या घरात खेळताना इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे की ३०० चा, याला फारसं महत्त्व नाही. चित्र कन्सोलकडून राउटरकडे आणि तिथून फोनकडे येतं, ते घराबाहेर जात नाही. लॉगिनपुरतं इंटरनेट लागतं. महागडा प्लॅन घेण्याआधी केबल घ्या.

सोपं काम आधी: कन्सोलचं ॲप

दोन्ही कंपन्यांची फोनवरची ॲप आहेत, ‘प्लेस्टेशन ॲप’ आणि ‘एक्सबॉक्स’. यात कन्सोलच्याच खात्याने लॉगिन करायचं. सुरुवात इथूनच करा, कारण यात बिघडण्यासारखं काही नाही आणि उपयोग रोजचा आहे.

डाउनलोडचंच घ्या. आजचे मोठे गेम ५० जीबीच्या पुढचे असतात, काही १००च्याही पुढे. टीव्ही लावून त्या पट्टीकडे बघत बसायची गरज नाही. कॉलेजमधून किंवा दुकानातून फोनवर गेम निवडा, कन्सोलवर उतरवायची आज्ञा द्या, घरी येईपर्यंत काम झालेलं असतं. जागा संपली असेल तर जुना गेम फोनवरूनच उडवता येतो. त्यासाठी कन्सोल पूर्ण बंद न करता विश्रांतीच्या अवस्थेत ठेवायचा. प्लेस्टेशनवर तिला ‘रेस्ट मोड’ म्हणतात, एक्सबॉक्सवर ‘स्लीप’.

दुसरा उपयोग फोटो आणि क्लिपचा. पीएस५वर कॅप्चरच्या सेटिंगमध्ये आपोआप अपलोड चालू केलं की खेळताना काढलेले फोटो आणि क्लिप ॲपमध्ये येतात आणि तिथून व्हॉट्सॲपवर जातात. पण ते तिथे १४ दिवसच राहतात, म्हणून जो गोल मित्रांना दाखवायचा आहे तो वेळेत फोनमध्ये उतरवून घ्या. एक्सबॉक्सच्या ॲपमध्ये फोन रिमोटसारखा वापरता येतो आणि पासवर्ड किंवा गेमचं नाव फोनच्या कीबोर्डवरून टाइप करता येतं. कंट्रोलरने एकेक अक्षर शोधत ई-मेलचा पत्ता टाकायचा छळ ज्याने सोसला आहे, त्याला याची किंमत कळेल.

मुलांच्या खेळण्याच्या वेळेवर लक्ष ठेवायचं असेल तर पालकांसाठी वेगळी ॲप आहेत. एक्सबॉक्स आणि निन्टेंडोची बरीच वर्षं होती, प्लेस्टेशनने स्वतःचं २०२५मध्ये आणलं.

आता गेमच फोनवर: रिमोट प्ले

यात गेम कन्सोलवरच चालतो. फोनवर येतं ते त्याचं चित्र आणि आवाज, फोनवरून जातात ती तुमची बटणं. त्यामुळे फोन फार ताकदवान लागत नाही, वाय-फाय मात्र चांगलं लागतं. पीएस५साठी क्रम असा:

१. कन्सोलवर सेटिंग्ज, त्यात सिस्टीम, त्यात रिमोट प्ले. तिथे ‘एनेबल रिमोट प्ले’ चालू करा.

२. सिस्टीममध्येच पॉवर सेव्हिंगमध्ये जा आणि रेस्ट मोडमधल्या सोयींची यादी उघडा. ‘स्टे कनेक्टेड टू द इंटरनेट’ आणि नेटवर्कवरून पीएस५ चालू करू देणारा पर्याय, ही दोन्ही चालू हवीत. ही पायरी राहिली, तर प्रत्येक वेळी कन्सोलचं बटण दाबायला उठावं लागेल.

३. फोनवर किंवा टॅबवर ‘पीएस रिमोट प्ले’ उतरवा. प्लेस्टेशन ॲप वेगळं, हे वेगळं. त्याच खात्याने लॉगिन करा.

४. जोडण्याआधी ॲपच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा ७२० वर ठेवा. फोनच्या सहा-साडेसहा इंची पडद्यावर ७२० आणि १०८० यांतला फरक शोधावा लागतो, अडखळणारं चित्र मात्र लगेच खुपतं. मोठा टॅब आणि चांगलं वाय-फाय असेल तरच १०८०.

५. ॲपला कन्सोल शोधू द्या. सापडला नाही तर कन्सोलवर रिमोट प्लेमध्येच ‘लिंक डिव्हाइस’ म्हणून पर्याय आहे. तिथे आठ आकडी नंबर दिसतो, तो ॲपमध्ये टाका.

पीएस४वर पहिली पायरी सेटिंग्जमधल्या ‘रिमोट प्ले कनेक्शन सेटिंग्ज’मध्ये होते आणि साध्या पीएस४वर चित्र ७२०च्या वर जात नाही. एक्सबॉक्सवर ‘डिव्हाइसेस अँड कनेक्शन्स’मध्ये ‘रिमोट फीचर्स’ चालू करा आणि पॉवर स्लीपवर ठेवा.

पडद्यावरची बटणं वापरून फुटबॉल खेळायचा प्रयत्न करू नका, अर्धा पडदा अंगठ्यांखाली जातो. कंट्रोलर ब्लूटूथने फोनला जोडा: ड्युअलसेन्सवर, म्हणजे पीएस५च्या कंट्रोलरवर, पीएस बटण आणि क्रिएट बटण एकत्र धरून ठेवा, दिवा भरभर लुकलुकायला लागला की फोनच्या ब्लूटूथच्या यादीत तो दिसेल. पीएस४च्या कंट्रोलरवर पीएस आणि शेअर. काम झालं की तोच कंट्रोलर कन्सोलकडे परत न्यायला यूएसबी केबल लावून एकदा पीएस बटण दाबायचं. हे ठाऊक नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी ‘कंट्रोलर बिघडला’ म्हणून दुकान गाठणारे बरेच आहेत.

आता मालिकेचा मुद्दा. रिमोट प्ले चालू असताना कन्सोल टीव्हीलाही तेच चित्र पाठवत असतो. टीव्ही सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटवर असेल तर कुणाला काही दिसत नाही. पण एचडीएमआयमधून कन्सोल टीव्हीला जागं करू शकतो, आणि ती सोय चालू असेल तर तुम्ही आतल्या खोलीत फोनवर गेम लावला की बाहेर ऐन रंगात आलेली मालिका जाऊन टीव्हीवर कन्सोलचा पडदा येतो. आजी ‘हाई काय शे?’ विचारणारच. पीएस५वर सेटिंग्ज, सिस्टीम, एचडीएमआय असं जाऊन ‘एचडीएमआय डिव्हाइस लिंक’ बंद करा. घरात शांतता राहते.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत थोडा उशीर होणारच. संथ चालीचे, गोष्टीचे, क्रिकेट-फुटबॉल व्यवस्थापनाचे गेम यावर छान चालतात. ऑनलाइन नेमबाजी किंवा समोरासमोरची मारामारी टीव्हीसाठी राखून ठेवा. काही गेम आणि ॲप तर रिमोट प्लेवर चालतच नाहीत, तो दोष तुमच्या वाय-फायचा नसतो.

आखाजीला घर भरलेलं असेल तेव्हा

माझ्या मते दुसऱ्या पडद्याचा सगळ्यात चांगला उपयोग हा आहे आणि नवखे लोक नेमका हाच सोडून देतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आलेल्या, भाचरं गोळा झालेली, दुपारी पत्त्यांचे डाव पडलेले. पत्त्यांत मजा कशाची असते? आपल्या हातातली पानं फक्त आपल्याला दिसतात आणि टाकलेलं पान सगळ्यांना. टीव्ही एकटा हे करू शकत नाही, त्याच्यावर सगळ्यांना सगळं दिसतं. प्रत्येकाच्या हातात फोन आला की हातातली पानं फोनवर आणि डाव टीव्हीवर.

जॅकबॉक्सचे गेम याच तत्त्वावर चालतात. गेम एकाच कन्सोलवर विकत घेतलेला असला की पुरे. टीव्हीवर चार अक्षरी कोड दिसतो. बाकीच्यांनी फोनच्या ब्राउझरमध्ये जॅकबॉक्स डॉट टीव्ही उघडायचं, कोड आणि आपलं नाव टाकायचं, बस. ॲप नाही, खातं नाही, फोन थोडा जुना असला तरी चालतो. बहुतेक खेळांत एका वेळी आठ जण बसतात. इथे फोन इंटरनेटमधून जोडला जातो, म्हणून सगळे एकाच वाय-फायवर नसले तरी चालतं. बारा जणांनी घरच्या राउटरवर गर्दी करण्यापेक्षा पाहुण्यांनी आपापल्या डेटावरच राहावं.

अडचण भाषेची. प्रश्न इंग्रजीत असतात आणि विनोद बऱ्याचदा अमेरिकेतले. आठवी-नववीतली पोरं निभावून नेतात, मोठी माणसं कंटाळतात. म्हणून त्यातला चित्रं काढण्याचा ‘ड्रॉफुल’ आधी लावा. फोनवर बोटाने चित्र काढायचं, बाकीच्यांनी ते कशाचं असेल याची थाप मारायची. कुणीतरी शेजारी बसून शब्द मराठीत सांगितला की मावशी, आत्या, नाना सगळे खेळतात आणि सगळ्यांत वाईट चित्र काढणाऱ्याचीच जास्त चर्चा होते.

सोनीनेही पीएस४साठी असाच प्रयोग २०१७मध्ये ‘प्लेलिंक’ नावाने केला होता. त्यात प्रत्येक गेमचं वेगळं ॲप फोनवर उतरवावं लागतं. सेकंडहँड दुकानात अशी डिस्क दिसली तर आधी बघा की तिचं ॲप तुमच्या फोनवर अजून मिळतं का. ॲप नसेल तर डिस्कचा उपयोग नाही.

नकाशे, संघ आणि डॅशबोर्ड

एका काळी प्रत्येक मोठ्या गेमला स्वतःचं ॲप असायचं. मायक्रोसॉफ्टने २०१२मध्ये एक्सबॉक्ससाठी ‘स्मार्टग्लास’ हे ॲप आणलं. त्याच वर्षी निन्टेंडोच्या वी-यू या कन्सोलने कंट्रोलरमध्येच पडदा बसवला. २०१३मध्ये जीटीए-५ बरोबर ‘आयफ्रूट’ आलं, त्यात गेममधल्या कुत्र्याला फोनवर शिकवता यायचं. २०१५मध्ये ‘फॉलआउट ४’चा नकाशा आणि सामानाची यादी फोनवर उघडता यायची. यातलं बरंचसं आता इतिहासजमा आहे. कारण सरळ आहे: खेळताना नजर टीव्हीवरून काढून मांडीवरच्या टॅबकडे न्यावी लागली की लय तुटते. म्हणून अशा ॲपसाठी मुद्दाम टॅब विकत घेऊ नका. घरात पडून असेल तर वापरा.

दोन ठिकाणी मात्र हे अजून कामाचं आहे. एक, ईए एफसी या फुटबॉल गेमचं कंपॅनियन ॲप. त्यातला अल्टिमेट टीम, म्हणजे स्वतःचा संघ जमवायचा प्रकार, खेळत असाल तर खेळाडूंची खरेदी-विक्री आणि संघाची जुळणी एसटीच्या प्रवासात बसल्या बसल्या होते. आधी कन्सोलवर आपला क्लब तयार केलेला लागतो आणि एका वेळी एकाच ठिकाणी उघडता येतं. धाकट्याने घरी कन्सोलवर अल्टिमेट टीम लावली की तुमचा सौदा अर्धवट राहतो, तेवढं घरात ठरवून घ्या.

दुसरं, शर्यतीचे गेम. एफ-वनचे गेम गाडीची सगळी माहिती नेटवर्कवर सोडू शकतात: वेग, गिअर, टायरची अवस्था, उरलेलं इंधन. ती वाचणारी ॲप फोनसाठी मिळतात आणि जुना फोन स्टिअरिंगपुढे टेकवला की डॅशबोर्ड तयार. गेमच्या सेटिंगमध्ये टेलिमेट्री उघडा, यूडीपी चालू करा, ॲपमध्ये दिसणारा फोनचा आयपी पत्ता तिथे भरा, पोर्ट २०७७७ तसाच राहू द्या. पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. राउटर बंद-चालू झाला की तो बदलू शकतो. काल चाललेला डॅशबोर्ड आज कोरा दिसला तर आधी पत्ता पडताळा. गेममधला ‘ब्रॉडकास्ट’ पर्याय चालू केला तर पत्ता भरायची कटकटच राहत नाही.

ऊन आणि वीज

हे परदेशी मार्गदर्शकांत सापडत नाही, कारण त्यांच्याकडे भुसावळचा मे महिना नसतो. ॲपल आयफोनसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगतं, पीएस५च्या माहितीपुस्तिकेत ५ ते ३५ आहे. जळगाव-भुसावळला पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ही मर्यादा खेळायला बसण्याआधीच ओलांडलेली असते. फोन तापला की आधी पडद्याचा उजेड आपोआप कमी होतो, मग चार्जिंग थांबतं, मग चित्र अडखळतं आणि आपण वाय-फायला शिव्या देतो. उपाय साधे: कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, फोन उशीवर-गादीवर ठेवू नका, दुपारी एक ते पाच खेळ बंद. कूलरची ओली हवा थेट कन्सोलवर सोडू नका. माणसाला ती बरी वाटते, यंत्राच्या पोटात ओलावा जातो.

वीज जाते तेव्हा राउटरचा विचार आधी करा. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पण कन्सोल तेवढ्याने चालत नाही. वीज वरचेवर जात असेल त्या दिवसांत कन्सोल विश्रांतीत न ठेवता पूर्ण बंद करा. डाउनलोड चालू असताना वीज गेली तर साठवणुकीत बिघाड होऊ शकतो, आणि चालू केल्यावर कन्सोल दुरुस्तीचा पडदा दाखवतो.

घर सोडून बाहेर

कन्सोल पाचोऱ्याला आणि तुम्ही पुण्याच्या होस्टेलवर, असंही चालतं. इथे मात्र इंटरनेटचा वेग खरोखर लागतो आणि तोही घरच्या अपलोडचा, कारण चित्र घरून बाहेर पाठवायचं असतं. सोनी किमान ५ एमबीपीएस मागते आणि १५ सुचवते. मोबाइल डेटाचा हिशोब करून बघा: ५ एमबीपीएसने तासाला सव्वादोन जीबी, १५ने पावणेसात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर पहिला तासही पुरा होत नाही. होस्टेलचं वाय-फाय असेल तरच या फंदात पडा. आणि घरी वीज जाऊन कन्सोल पूर्ण बंद पडला असेल तर तो पुण्यातून जागा होणार नाही. घरी फोन करून कुणाला तरी बटण दाबायला सांगावं लागेल. नानांना ते बटण कुठे असतं हे निघण्याआधीच दाखवून ठेवा.

कन्सोल सेकंडहँड घेतला असेल तर जोडाजोडीआधी तो पूर्ण रिसेट करा आणि आधीच्या मालकाचं खातं निघाल्याची खात्री करा. तुम्ही विकत असाल तर हेच उलट बाजूने करा. गेमिंग पार्लरमध्ये तिथल्या कन्सोलवर आपल्या खात्याने लॉगिन करायची वेळ आलीच, तर उठताना लॉगआउट करून, खातं त्या कन्सोलवरून काढून मगच पैसे द्यायला जा.